ॲनालॉग सेल्युलर फोन आणि संभाषणाची गोपनीयता

१३ ऑक्टोबर १९८३ रोजी अमेरिकेतील शिकागो येथे व्यापारी तत्त्वावर सेल्युलर सेवा सुरू झाली. तिच्यात आवाज एफएम रेडिओच्याच पद्धतीने हवेतून जात असे. त्यावर सांकेतिक आवरण नव्हते. परिणामी बाजारात मिळणाऱ्या स्कॅनर रेडिओवर परक्याचे बोलणे ऐकता येई. फोनचा ओळखक्रमांकही उघडाच जात असल्याने तो चोरून दुसऱ्या फोनमध्ये भरला जाई आणि बिल मूळ ग्राहकाच्या माथी बसे. अमेरिकेने १९८६ साली असे ऐकणे गुन्हा ठरविले; पण कायद्याने लहरी अडत नाहीत. ब्रिटनमध्ये १९८९ साली चोरून ध्वनिमुद्रित झालेली राजघराण्यातील खासगी संभाषणे १९९२-९३ मध्ये वृत्तपत्रांत छापली गेली.

भारतात ही सेवा ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्यात सुरू झाली, तीच मुळी डिजिटल जीएसएम पद्धतीची. त्यामुळे हैदराबादच्या चिक्कडपल्लीसारख्या वस्तीतील मोबाइल ग्राहकाच्या वाट्याला स्कॅनरचा हा धोका आला नाही. त्या काळी अशा वस्तीत बोलणे उघडे पडे ते एसटीडी-पीसीओवर रांगेत उभ्या असलेल्यांच्या कानी, किंवा ॲनालॉग कॉर्डलेस फोनवर, ज्याच्या लहरी घराची भिंत जुमानत नसत.

मात्र जीएसएमचे सांकेतिक आवरण हँडसेटपासून मनोऱ्याच्या यंत्रणेपुरतेच असते. पुढे एक्स्चेंजमध्ये बोलणे पुन्हा उघडे होते. म्हणजे शेजाऱ्याचा कान दूर झाला, सत्तेचा राहिला. १८८५ च्या तार कायद्यातील कलम ५(२) ने सरकारला संदेश अडविण्याचा अधिकार दिला होता. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीयूसीएल खटल्यात न्या. कुलदीप सिंग व न्या. एस. सगीर अहमद यांच्या खंडपीठाने दूरध्वनीवरील संभाषण घटनेच्या २१ व्या कलमाच्या संरक्षणात आणले. आदेश सर्वसाधारणपणे गृहसचिवांचाच हवा, त्याची मुदत दोन महिने आणि एकूण सहा महिन्यांहून अधिक नाही, असे बंधन घातले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गोपनीयतेला मूलभूत हक्क ठरविले. तरीही २०२३ च्या दूरसंचार कायद्यात संभाषण अडविण्याचा अधिकार सरकारकडेच राहिला.

मार्च २०२४ मध्ये हैदराबादच्या पंजागुट्टा पोलीस ठाण्यात गुप्तवार्ता शाखेतील नोंदी नष्ट केल्याच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला आणि बेकायदा फोन टॅपिंगच्या आरोपांचा तपास सुरू झाला. लहरींवरील दोष तंत्रज्ञानाने बराच दूर केला. एक्स्चेंजमधील दोषावर उपाय एकच : कोणी, कोणाच्या आदेशाने ऐकले याची लेखी नोंद, आणि ती तपासणारी स्वतंत्र यंत्रणा. नोंदच नष्ट झाली, तर नागरिकाचा हक्क कागदावरच राहतो.