दोन दांड्यांची जीप

विरार स्थानकाच्या पश्चिमेस बोळिंजवरून आगाशी आणि तेथून अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता आज दुतर्फा इमारतींनी व्यापला असला, आणि म्हाडाची बहुमजली वसाहत उभी राहिल्यापासून बोळिंजच्या जुन्या केळीच्या व पानवेलींच्या वाड्यांचा माग काढणे नवख्यास दुष्कर झाले असले, तरी या मुलखाची मूळ घडण ज्याने पाहिली आहे त्यास ठाऊक असते की, पाचसहा कोसांच्या आत इतक्या भिन्न प्रकृतीची जमीन एकापाठोपाठ एक क्वचितच भेटते. अर्नाळा-राजोडीच्या बाजूस चाकाखालून निसटणारी वाळू, खाड्यांलगत मिठागरे आणि खाजणाचा चिवट चिखल, मधल्या पट्ट्यात पाटाच्या पाण्याने पोसलेली वाड्यांची मऊ माती, आणि लोहमार्ग ओलांडून पूर्वेस वळले की जीवदानी व तुंगारेश्वराच्या डोंगरांचा मुरूम आणि काळा पाषाण. १८६७ साली विरारहून मुंबईकडे आगगाडी धावू लागली, तरी स्थानकाबाहेरचा सारा व्यवहार पुढे कित्येक दशके बैलगाडीच्या स्वाधीन होता. आणि मामलेदार, प्रांत किंवा जंगलखात्याचा अंमलदार फिरतीवर निघाला म्हणजे त्यास घोड्याचा अथवा छकड्याचा आश्रय करावा लागे. हा क्रम मोडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या जीप गाडीने. आणि ज्या साधनाच्या बळावर तिने तो मोडला, ते साधन म्हणजे तिच्या तळाशी मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी उभे असलेले दोन आखूड दांडे होत. या दांड्यांचा इतिहास आपल्याकडे कोणी मन लावून लिहिलेला नाही, याचे मला वैषम्य वाटते.

जीपचा जन्म घाईतला. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या चतुश्चक्रचालित वाहनाची मागणी पुढे केली, तेव्हा बॅन्टम या लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यास पाचारण करून अवघ्या ४९ दिवसांच्या मुदतीत पहिला नमुना २३ सप्टेंबर रोजी लष्कराच्या हवाली केला. चारही चाकांना गती देणारे आस आणि ती गती वाटून देणारी पेटी यांसाठी प्रोब्स्टने ओहायोतील टोलेडो येथील स्पायसर कंपनीचे दार ठोठावले होते. पुढे मोठी मागणी मात्र विलीज आणि फोर्ड यांच्या पदरात पडली, आणि युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्या प्रत्येकीत गिअरबॉक्सच्या पाठीस स्पायसरची ‘मॉडेल १८’ नावाची पेटी जोडलेली होती. हीच ती ट्रान्सफर केस.

या पेटीचे कार्य दुहेरी आहे. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती मागच्या आसाकडे तर ती नित्य पाठवतेच; परंतु एका दांड्याने पुढच्या आसास त्या शक्तीत भागीदार करून घेता येते, आणि दुसऱ्या दांड्याने सर्व गिअर एकदम अधिक जड, म्हणजे मंद पण बलवान करता येतात. १९५३ साली निघालेल्या सीजे-३बी या नागरी जीपचे गणित मांडले तर हे स्पष्ट होते: पहिला गिअर २.८ पट, आसाचे दाते ५.३८ पट, म्हणजे ‘हाय’मध्ये इंजिनाच्या १५ फेऱ्यांस चाकाची एक फेरी पडे, त्यावर ट्रान्सफर केसचा २.४६ पट ‘लो’ चढवला की त्याच एका फेरीसाठी इंजिन ३७ वेळा फिरे. वेग माणसाच्या चालीइतका उतरे, पण चढावर गाडी गुदमरत नसे आणि उतारावर ब्रेकला हात न लावता इंजिनच तिला आवरून धरी.

या रचनेतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी वस्तू डोळ्यांस दिसतही नाही. दोन दांडे ज्या दोन पोलादी सळयांना हलवतात, त्यांच्या मधोमध पेटीच्या ओतीव अंगात एक लहानशी पोलादी गोळी बसवलेली असते. आणि पुढचा आस जोडणारी सळई सरकल्यावाचून ती गोळी ‘लो’च्या सळईस हलू देत नाही. कारण उघड आहे: अडीच पटीने वाढलेला जोर एकट्या मागच्या आसावर पडला तर त्याचे दाते वा शाफ्ट तुटण्याचा संभव असतो, तेव्हा जोर वाढवण्यापूर्वी तो दोघांत वाटून घेण्याची व्यवस्था चालकाच्या मर्जीवर न सोपवता रचनाकाराने यंत्राच्या पोटातच करून ठेवली. जीप चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना गोळीची वार्ता नसे. ‘आधी फोर व्हील टाक, मग लो’ हा जाबता मात्र प्रत्येक शिकाऊ ड्रायव्हर पहिल्याच आठवड्यात तोंडपाठ करी.

हिंदुस्थानात या गाडीस घर मिळाले ते मुंबईत. के. सी. महिंद्र हे युद्धकाळात अमेरिकेतील हिंदी पुरवठा मंडळाचे प्रमुख असताना त्यांचा विलीजचे अभियंते बार्नी रूस यांच्याशी परिचय झाला, आणि त्यांनी बंधू जे. सी. महिंद्र व मलिक गुलाम महंमद यांच्यासह १९४५ साली काढलेल्या कंपनीने १९४७ साली ७५ गाड्यांचे सुटे भाग आणवले. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. कंपनीच्या नावात दोन्हीकडे महिंद्रच उरले. माझगावात जीपची जुळणी सुरू झाली, १९५४ पासून टप्प्याटप्प्याने तिचे भाग येथेच घडवण्याचा करार अमलात आला, आणि पश्चिम रेल्वेच्या ज्या मार्गाचे विरार हे त्या काळातील उपनगरी टोक, त्याच मार्गावरील कांदिवली हे पुढे या उद्योगाचे मोठे केंद्र झाले. अमेरिकेत सीजे-३बीची निर्मिती १९६८ साली थांबली, तरी महिंद्रांच्या कारखान्यांतून तिची वंशपरंपरा त्यानंतर अनेक दशके चालू राहिली. या जुन्या गाड्यांपैकी कित्येकींचे सुकाणू अमेरिकन प्रथेप्रमाणे डावीकडेच असे, आणि मागून येणाऱ्यास सूचना म्हणून पाठीवर ‘लेफ्ट हॅण्ड ड्राइव्ह’ अशी अक्षरे रंगवलेली असत.

सरकारी कारभारात जीपने जे स्थान पटकावले ते एरवी कोणत्याही वाहनास लाभले नाही. पोलीस ठाणी, तहसील कचेऱ्या, पाटबंधारे, जंगलखाते, हिवतापनिर्मूलनाची पथके, सर्वांच्या दारात तीच. आणेवारीची पाहणी असो की तगाईचे वाटप, साहेबाची जीप आली की गावाचे दफ्तर उघडले जाई. परंतु साहेब कोठवर पोहोचेल हे साहेबाच्या हुकमावर नव्हे, तर ड्रायव्हरच्या भूमिज्ञानावर ठरे. कारण वाळू, चिखल आणि खडक यांचे न्याय वेगळे आहेत. वाळूत टायरांतली हवा कमी करून, फोर व्हील टाकून, ‘हाय’मध्येच वेग न तोडता निघून जावे लागते, कारण तेथे थांबणारा रुततो, खाजणाच्या चिखलात ‘लो’ टाकून दुसऱ्या गिअरवर एकसारखा जोर ठेवावा, उगाच रेस दिली की चाके जागच्या जागी फिरून खड्डा खणतात, आणि डोंगराच्या उतारावर ‘लो’चा पहिला गिअर टाकून पाय क्लचपासून दूर ठेवावा. शिवाय हा निर्णय अगोदर व्हावा लागे. ‘लो’चे दाते सिंक्रोमेशविना असल्यामुळे गाडी जवळजवळ उभी केल्यावाचून ते मिळत नसत, आणि चिखलात मधोमध उभी राहिलेली गाडी पुन्हा निघेलच याची हमी नसे. म्हणून चांगला ड्रायव्हर ओहोळाच्या अलीकडे उतरून काठ पाही, पाण्याचा तळ अजमावी आणि मगच दांड्याला हात घाली.

तितकेच ज्ञान ‘फोर व्हील’ काढण्यासाठीही लागे. या पेटीत पुढच्या व मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल नाही. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर, विशेषतः वळणावर, दोन्ही आसांच्या फेऱ्यांतला फरक निसटायला जागा न मिळून तो शाफ्टांत पीळ होऊन साठतो, स्टिअरिंग जड होते, आणि दांडा असा घट्ट बसतो की दोन्ही हातांनी ओढूनही सुटत नाही. त्यावर तोडगा एकच: बळजबरी न करता गाडी सरळ रेषेत चार पावले मागे घ्यावी, म्हणजे पीळ उलगडतो आणि दांडा दोन बोटांनी मोकळा होतो. ज्याला हे शिकवलेले नसे तो लाथा घालून दांडा वाकवी, आणि मग गॅरेजात मिस्त्रीपुढे ‘फोर व्हील पडतच नाही’ अशी तक्रार घेऊन जाई.

इंग्लंडातील लॅण्ड रोव्हर १९४८ साली जीपचाच आदर्श पुढे ठेवून निघाली. तिच्या पुढील काळातील गाड्यांत तांबड्या मुठीचा दांडा मागे ओढला की ‘लो’ पडे व त्यासवे चारही चाके आपोआप जोडली जात. पिवळ्या मुठीचा दांडा दाबला तर ‘हाय’मध्ये फोर व्हील मिळे. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीत सारे काम एकाच दांड्यावर आले. टू-हाय, फोर-हाय, न्यूट्रल आणि फोर-लो असा एका सरळ ओळीतला क्रम तिने रूढ केला. ताडोबाच्या जंगलात पर्यटकांना नेणाऱ्या जिप्सींमुळे महाराष्ट्रात तो दांडा अनेकांनी पाहिला असेल. महिंद्रांच्या थारनेही २०१० आणि २०२० या दोन्ही अवतारांत एकच दांडा ठेवला. एका दांड्याने चुका कमी झाल्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ‘किती चाके’ आणि ‘किती जोर’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि ते एकाच रुळावर बसवल्याने चालकाला ते वेगळे करून विचारण्याचे कारण उरले नाही, हीही हानीच होय.

अर्थात सर्वच जीपगाड्यांत हे दांडे नसत; जव्हार-मोखाड्याच्या घाटांत ज्या जीपगाड्यांनी वर्षानुवर्षे माणसे वाहिली, त्यांपैकी पुष्कळ तर केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या. किंमत आणि डिझेल दोन्ही वाचत असल्यामुळे मालकांनी ट्रान्सफर केसविनाच गाड्या घेतल्या. त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पावसाळ्यात उतारू उतरून गाडीला हात लावत, आणि काम भागे.

अलीकडे जुन्या जीपगाड्या हौसेने दुरुस्त करणारे तरुण वसई-विरारपासून पुण्या-कोल्हापुरापर्यंत दिसू लागले आहेत. त्यांच्यातील काहीजण परदेशी मंडळींचे अनुकरण करून पेटीतली ती पोलादी गोळी काढून टाकतात, जेणेकरून पुढचा आस न जोडताही ‘लो’ मिळावा; अरुंद जागी वळताना किंवा जड ट्रेलर मागे सरकवताना त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. तरीही माझे मत असे की, ज्या गाडीचा मागचा आस सत्तर वर्षांचा जुना आहे आणि ज्याचे दाते आज कुर्ल्याच्या भंगारबाजारातही सहजी मिळत नाहीत, त्या गाडीत ही मोकळीक घेणाऱ्याने निदान ती गोळी तेल लावून, कापडात गुंडाळून, गाडीच्या हत्यारांच्या पेटीत ठेवावी, म्हणजे पुढच्या मालकास ती पुन्हा बसवता येईल.