'दऱ्या'चा 'दर्या' होतो तेव्हा...

कर्जत-खालापूरचे वर्णन करताना 'दऱ्या' हा शब्द टाळता येत नाही. संगणकाने त्यातील आडव्या 'र'चा रफार केला, की 'दर्या' उमटतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी समुद्र अवतरतो! सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असेल, तर अशा चुकीची दाद कोणाकडे मागायची?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची आज्ञावली सर्वांना खुली असते. बहुतेक मोठ्या प्रकल्पांची तक्रारवहीही तशीच खुली असते. मोझिला प्रकल्पाची 'बगझिला' ही नोंदप्रणाली १९९८ पासून उपलब्ध आहे. तर 'डेबियन' प्रकल्पाने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या सामाजिक करारातच दोष न लपविण्याची हमी दिली आहे.

नोंद झाली म्हणजे लगेच दुरुस्ती सुरू होते, असे मात्र नाही. आधी छाननी होते. हीच तक्रार पूर्वी आली आहे काय, दोष पुन्हा घडवून दाखविता येतो काय आणि तो कोणत्या घटकाचा, हे पाहिले जाते. मराठीच्या बाबतीत शेवटचा प्रश्न कळीचा ठरतो. 'लोहित'सारखा फाँट अक्षरांचे आकार आणि जोडणीचे नियम पुरवितो; 'हार्फबझ' ही प्रणाली ते नियम लावून जोडाक्षर जुळविते; ब्राउझर ते पडद्यावर मांडतो. चूक यांपैकी कोठेही असू शकते. कित्येकदा ती टंकलेखनातच असते. युनिकोडनुसार 'दऱ्या' लिहिण्यासाठी साध्या 'र'ऐवजी नुक्ता असलेला 'ऱ' आणि त्याला हलन्त द्यावा लागतो. तसे केले नसेल, तर 'हा दोष नव्हे' असा शेरा मारून तक्रार बंद होते.

म्हणून तक्रारीत सॉफ्टवेअरची आवृत्ती, नेमके काय टंकित केले, काय अपेक्षित होते आणि काय दिसले, हे क्रमाने लिहावे. पडद्याचे छायाचित्र जोडावे. 'मराठी नीट दिसत नाही' एवढ्याने भागत नाही, कारण तपासणाऱ्याला मराठी येत असेलच असे नाही. जुन्या नोंदीखाली 'मलाही हाच त्रास' एवढेच लिहिण्यापेक्षा नवा तपशील द्यावा. सुरक्षेशी निगडित दोष मात्र जाहीर न करता खासगीरीत्या कळवावा, असा संकेत आहे.

अनेक प्रकल्पांत दुरुस्ती करणारे स्वयंसेवक असतात. त्यामुळे मुदतीची हमी नसते. परंतु एकाची नेमकी तक्रार मान्य झाली, की पुढील आवृत्तीत ती दुरुस्ती सर्व मराठी वापरकर्त्यांना मिळते.