सूजिगल्लु, सुई आणि पेशी

मराठीत आपण लोहचुंबक म्हणतो. आपले कन्नड शेजारी त्यालाच सूजिगल्लु, म्हणजे सुईचा दगड म्हणतात. बिदर-कलबुर्गीकडच्या घरांत दोन्ही शब्द सुखाने नांदतात. एकात लोखंडाची ओढ आहे, दुसऱ्यात सुईची. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आपल्याकडचा इतिहास लिहिला तो सुईनेच.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. तेथे प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे हा मराठी तरुण काम करीत होता. पुढे टिळकांना गणित शिकविणारे केरूनाना ते हेच. 1 व 2 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावरून आलेल्या वादळाने युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे बिघडली, तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने उतरला. एवढे प्रचंड वादळ, पण मूळ क्षेत्राच्या मानाने ही घट शेकडा चार-पाचच! पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणताच सुई बिघडेल या धास्तीने, नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत, 1904 साली वेधशाळा अलिबागेस नेली. तिथल्या इमारतीत लोखंड वर्ज्य; दगड पोरबंदरचा.

आपल्या पायाखालीही अशीच एक नोंदवही आहे. बिदरच्या तांबड्या जांभ्याखाली दख्खनचा काळा दगड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा थिजताना त्यातील लोहकणांनी त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली. 1950 च्या दशकात ती मोजली गेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी हे काम केले. हा लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, हे अशाच दगडांनी सांगितले. पृथ्वीचे ध्रुव अनेकदा उलटले, त्या काळात क्षेत्र क्षीण झाले, तरी जीवसृष्टी टिकली.

मग क्षीण क्षेत्राचा पेशीवर काहीच परिणाम होत नाही का? पेशीतील तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, अन्नातून ऊर्जा काढतात. त्या वेळी इलेक्ट्रॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर जातात आणि थोडे ऑक्सिजनवर घसरून तिखट, क्रियाशील रेणू बनतात. काही अभिक्रियांत जोडीने असलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनांच्या फिरकीवर दुबळे क्षेत्रही परिणाम करू शकते, असे रसायनशास्त्र सांगते. प्रयोगशाळेतील काही पेशींत या रेणूंचे प्रमाण बदललेले दिसले. पण तोच प्रयोग दुसऱ्याने केला की प्रत्येक वेळी तेच हाती येते, असे नाही.

एवढ्या आधारावर गुडघेदुखीसाठी चुंबकाचे पट्टे आणि गाद्या विकत घेणे म्हणजे पाया खणण्याआधी कळस चढविणे होय. सांधा दुखणाऱ्या आजीला आशा हवी असते, हे खरे; पण तिचे पैसे आणि औषधाची वेळ दोन्ही मोलाची आहेत. रात्रंदिवस सुई वाचणाऱ्या कुलाब्याच्या त्या माणसांनी आधी मोजले, मग सांगितले. पेशीच्या बाबतीत मोजणी अजून चालू आहे.