वसंतसंपात

वसंतसंपात : क्रांतिवृत्त आणि वैषुविकवृत्त ज्या दोन बिंदूंत छेदतात, त्यांपैकी सूर्य उत्तर गोलार्धात शिरतो तो बिंदू. सूर्य तेथे 20 मार्चच्या सुमारास येतो. दिवस-रात्र तेव्हा जवळजवळ समान असतात. या दिवशी वसंत लागतो, असे आपल्याकडेही सर्रास सांगितले जाते. पण ती युरोपीय गणना आहे. सूर्यसिद्धांताने ऋतू मकर संक्रमणापासून, शिशिर पहिला धरून, दोन-दोन राशींचे मोजले आहेत. त्यामुळे वसंताच्या वाट्याला मीन व मेष येतात आणि मेषारंभ, म्हणजेच संपात, त्यांच्या सांध्यावर पडतो. आपल्या परंपरेत हा दिवस वसंताचा मध्य आहे. महाराष्ट्रातील पळस, पांगारा आणि काटेसावर यांचा बहर फेब्रुवारी-मार्चमधला. संपाताची वाट न पाहता ही झाडे फुललेली असतात.

यावर पहिला आक्षेप असा, की वसंताचे महिने चैत्र-वैशाख, आणि वसंत फेब्रुवारीतच सुरू झाला तर वैशाखाचे काय? आक्षेपाला रूढीचा आधार आहे, आकाशाचा नाही. आपले चांद्रमास निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, राशींना बांधलेले आहेत, ऋतू मात्र सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्यावर चालतात. संपातबिंदू दरवर्षी सुमारे 50 विकला मागे सरतो, म्हणजे 72 वर्षांत एक अंश. सायन (संपातापासून मोजलेले) आणि निरयन ही राशिचक्रे जुळत होती त्याला सुमारे 1700 वर्षे लोटली; आज त्यांत सुमारे 24 अंशांचे अंतर आहे. केरळातील विषू हा सण मुळात विषुवदिनाचा. तो आता 14 एप्रिलच्या सुमारास येतो. हे सरकणे किरकोळ नव्हे: मृगशीर्षातील संपाताच्या आधारे लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’मध्ये (1893) वेदांचा काळ ठरवण्याचा यत्न केला. दुसरा आक्षेप सणांचा : संपात प्रमाण मानला तर गुढीपाडवा हलवायचा का? मुळीच नाही. पाडवा तिथीचा सण आहे, तो मार्चच्या मध्यानंतर एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही येऊ शकतो, आणि त्याने ऋतूची अचूक सीमा दाखवावी अशी अपेक्षाच चुकीची आहे. दिनदर्शिकांनी 20 मार्चसमोर ‘वसंतारंभ’ न छापता ‘वसंतमध्य’ छापावे. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीनुसार 22 मार्च 1957 पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत फाल्गुन-चैत्राचा काळ 20 फेब्रुवारी ते 20 एप्रिल असा येतो. सिद्धांतातील सायन वसंत तोच.