निळ्यापासून विटकरीपर्यंत : जर्नलमधल्या दोन प्रयोगांची गोष्ट

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की दवाखान्यातल्या बाकावरही जीवशास्त्राची जर्नल्स उघडलेली दिसतात. मागे एक आजोबा मधुमेहाच्या तपासणीला आले होते. सोबतची नात डोळे मिटून पाठ करत होती, "निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी." मी विचारले, "हे रंग का बदलतात गं?" ती म्हणाली, "काका, ते जर्नलमध्ये नाहीये." आजोबा मात्र हसले. "आमची आई मागच्या अंगणात स्पिरिटच्या दिव्यावर हेच उकळायची. रंग विटकरी आला की त्या दिवशी भात बंद!"

नात गुणांसाठी जे पाठ करत होती, त्यावर तिच्या पणजीचे जेवण ठरत होते. म्हणून आज लघवीतील साखर आणि प्रथिन ओळखण्याच्या या दोन प्रयोगांविषयी.

साखरेचा शोध

मधुमेहाच्या रुग्णाची लघवी गोड असते, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होते. 'मधुमेह' या नावातच मध आहे. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत चरकसंहितेने शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धावतात अशी नोंद केली आहे. युरोपात सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी ही गोड चव नोंदवली. होय, चव! त्या काळी डॉक्टरची जीभ हीच प्रयोगशाळा होती.

1776 मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसन यांनी एका रुग्णाची लघवी आटवली. खाली पांढरा, साखरेसारखा गोड थर उरला. रुग्णाच्या रक्तातील द्रवही त्यांना गोड लागला. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, ती रक्तातून येते. हा मोठाच धागा होता. 1815 मध्ये फ्रान्सच्या शेव्हरल यांनी ही द्राक्षांत असते तीच साखर, म्हणजे ग्लुकोज, असल्याचे दाखवले.

पुढे जिभेची जागा तांब्याने घेतली. 1841 मध्ये ट्रोमर यांनी आणि त्यानंतर काही वर्षांनी फेलिंग यांनी तांब्याच्या क्षारावर आधारलेल्या चाचण्या दिल्या. फेलिंगची दोन द्रावणे वेगळी ठेवून आयत्या वेळी मिसळावी लागत. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅनली बेनेडिक्ट यांनी 1908 मध्ये एकाच बाटलीत टिकणारे द्रावण तयार केले. त्यात मोरचूद, सोडियम सायट्रेट आणि सोडियम कार्बोनेट असते. उकळल्यावर ग्लुकोज तांब्याला आपले इलेक्ट्रॉन देते. निळ्या तांब्याचे तांबूस क्युप्रस ऑक्साइड होते आणि ते साक्यासारखे खाली बसते. साखर थोडी असेल तर निळ्यात थोडा तांबूस-पिवळा मिसळून हिरवा दिसतो, भरपूर असेल तर विटकरी. नातीच्या पाठांतरामागचे कारण एवढेच!

1922 मध्ये टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन दिले गेले. इन्सुलिन आले तसा रोजचा प्रश्नही आला : आज किती टोचायचे? तेव्हा घरी साखर मोजायचे यंत्र नव्हते. परीक्षानळी, दिवा आणि निळे द्रावण हाच रुग्णाचा आधार होता. 1941 मध्ये क्लिनिटेस्टची गोळी आली आणि दिव्याची गरज संपली. 1956 मध्ये नुसती बुडवायची पट्टी आली.

चमचा आणि मेणबत्ती

दुसरा प्रयोग अल्ब्युमिनचा. 1764 मध्ये नेपल्सच्या कोतुन्यो यांनी अंगावर सूज असलेल्या एका सैनिकाची लघवी तापवली, तर ती अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी गोठली. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी 1827 मध्ये अंगावरची सूज, लघवीतील हे प्रथिन आणि शवविच्छेदनात दिसलेली खराब मूत्रपिंडे यांची सांगड घातली. त्यांची साधने कोणती? एक चमचा आणि एक मेणबत्ती.

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात : तापवल्यावर ॲसेटिक आम्लाचे थेंब का टाकायचे? कारण फॉस्फेटमुळेही लघवी गढूळ होते. आम्लाने फॉस्फेट विरघळते, अल्ब्युमिनचा गढूळपणा तसाच राहतो.

या चाचण्या कुठे फसतात?

हे विद्यार्थ्यांइतकेच रुग्णांसाठीही महत्त्वाचे. रक्तातील साखर साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते. त्यामुळे द्रावण निळे राहिले म्हणजे मधुमेह नाही, असे मुळीच नाही. "लघवीत साखर नाही ना, मग गोळ्या बंद करू का?" असे विचारणारे आजही भेटतात. उत्तर आहे, नाही! उलट डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे साखर मुद्दाम लघवीतून बाहेर टाकतात. तिथे चाचणी होकारार्थी आली तर घाबरायचे कारण नाही. 'क' जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेतल्यासही बेनेडिक्टचा रंग बदलू शकतो.

अल्ब्युमिनचेही तसेच. मधुमेहात मूत्रपिंड बिघडू लागते तेव्हा प्रथिन इतके कमी झिरपते की तापवून ते दिसत नाही. म्हणून टाईप २ मधुमेहींनी निदान झाल्यापासून वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासावे. ते 30 च्या आत हवे. वाढ लवकर कळली तर साखर, रक्तदाब आणि योग्य औषधे यांच्या मदतीने मूत्रपिंड पुष्कळ काळ सांभाळता येते.

त्या दिवशी नातीने जर्नल मिटले आणि आजोबांना विचारले, "आजोबा, तुमची ही तपासणी झालीय का?" झाली नव्हती. मी चिठ्ठीवर लिहून दिली.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत रंग बरोबर लिहाच. पण घरी कोणाला मधुमेह असेल, तर हा एक प्रश्नही विचारा.