वेशी बंद होतात तेव्हा

वाचकहो, सन २०२० चा उन्हाळा आपण कोणीही विसरलेलो नाही. २५ मार्चपासून सारा देश टाळेबंद झाला. आगगाड्या थांबल्या, एस.टी. आगारात उभी राहिली, जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसांचे नाके बसले. मुंबईहून रत्नागिरीला किंवा रायगडला जायचे, म्हणजे स्वतःच्याच घरी जायचे, तरी ई-पास लागू लागला. आज नववी-दहावीत असलेले विद्यार्थी त्या वेळी प्राथमिक शाळेत होते. दारे बंद असल्याचे त्यांना आठवत असेल, पण ती उघडावीत म्हणून वडीलधाऱ्यांनी किती अर्ज केले हे कदाचित ठाऊक नसेल.

आमच्या घरीही एक अर्ज होता. त्या वर्षीच्या हजसाठी कुर्‍यात माझ्या वडिलांचे नाव निघाले होते. वय चौसष्ट. पैसे भरले होते, पासपोर्ट तयार होता, एहरामचे कापडसुद्धा आणून ठेवले होते. २७ फेब्रुवारी रोजी सौदी सरकारने परदेशी यात्रेकरूंसाठी उमरा बंद केला, तेव्हाच अब्बांच्या मनात पाल चुकचुकली. पुढे २२ जूनला जाहीर झाले की, यंदाचा हज फक्त त्या देशात राहणाऱ्या मोजक्या लोकांनाच करता येईल. दुसऱ्याच दिवशी आपल्या सरकारने भरलेले पैसे परत करण्याचे जाहीर केले. देशभरातून दोन लाखांहून अधिक लोकांनी अर्ज केले होते. त्या सर्वांच्या घरी त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकता.

“असे पूर्वी कधी झाले होते का रे?” असे अब्बांनी मला विचारले. मी इतिहासाचा शिक्षक, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात जे वाचले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

असे पूर्वी झाले होते, आणि तेही आपल्याच मुंबई बंदरात.

सन १८६५ च्या हजच्या वेळी अरबस्थानात पटकीची मोठी साथ आली. सुमारे पंधरा हजार यात्रेकरू दगावले असे मानले जाते. परतणाऱ्या जहाजांबरोबर साथ सुवेझमार्गे इजिप्तमध्ये आणि तेथून युरोपात पोहोचली. युरोपातील सरकारे घाबरली. दुसऱ्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थानातून जाणारा हाजी हा साऱ्या जगाच्या संशयाचा विषय झाला. सन १८८२ मध्ये तुर्की सरकारने तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर विलगीकरणाचे ठाणे उघडले. मुंबईहून निघालेल्या जहाजाने आधी कामरानला थांबायचे, यात्रेकरूंनी उतरून अंघोळी करायच्या, कपडे वाफेच्या यंत्रातून निर्जंतुक करून घ्यायचे, नेमलेले दिवस तेथे काढायचे, आणि मगच जेद्दाला जायचे. आपल्या खापरपणजोबांच्या पिढीत जे हजला गेले, त्यांनी हे सारे सोसले आहे.

मग १८९६ साल उजाडले. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये धुमाकूळ घातलेला प्लेग मुंबईत आला. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो प्रथम ओळखला. मुंबईची वस्ती तेव्हा आठ लाखांच्या घरात होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतील निम्म्याच्या आसपास लोक शहर सोडून गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. विद्यार्थी मित्रांनो, सन २०२० मध्ये आपल्यावर जे निर्बंध आले, त्यांना याच १८९७ च्या कायद्याचा आधार होता, हे लक्षात ठेवा.

कायदा झाला त्याच सुमारास रमजानचा महिना सुरू झाला होता. हज मे महिन्यात होता. दूरदूरच्या प्रांतांतून यात्रेकरू मुंबईला येण्याचे ते दिवस. तिकडे व्हेनिस शहरात केवळ प्लेगचा विचार करण्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. मुंबईची जहाजे आपल्या बंदरांत नकोत, असा युरोपीय राष्ट्रांचा सूर होता. इंग्रज सरकार मोठ्या पेचात सापडले. धर्मात हात घालणार नाही, असे वचन राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात दिलेले होते. हज थांबवावा तर मुसलमान रयत दुखावणार, न थांबवावा तर हिंदुस्थानच्या साऱ्या व्यापारावर गदा येणार. अखेर फेब्रुवारीतच हजची वाहतूक रोखण्यात आली. आयुष्यभराची पुंजी गाठीला बांधून निघालेल्या माणसाला मक्केची वाट त्या साली बंद झाली. इतके करूनही त्याच वर्षी जेद्दामध्ये प्लेगचे रोगी आढळलेच. रोग काही परवाना मागून प्रवास करीत नाही.

बंदी केवळ समुद्रावर नव्हती. रेल्वेच्या स्थानकांवर तपासणी सुरू झाली. कल्याणसारख्या ठिकाणी गाडीतून उतरवून उतारूंना रांगेत उभे करीत आणि काखा व जांघा चाचपून पाहत. बिहारच्या सरहद्दीवर चौसा येथे तर उतारूंना अडकवून ठेवण्याची छावणीच होती. मद्रास इलाख्यात प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्यास ‘प्लेग पासपोर्ट’ देत. तो घेऊन दहा दिवस अधिकाऱ्यापुढे हजेरी लावावी लागे. आपला ई-पास हा त्याचाच नातू म्हणायला हरकत नाही!

पण येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नियम सर्वांना एक होता, जाच मात्र एकसारखा नव्हता. पहिल्या वर्गाच्या साहेबाची तपासणी डब्यातल्या डब्यात, वरवर होई. तिसऱ्या वर्गाच्या गोरगरिबाला फलाटावर चारचौघांत उभे करीत. बायाबापड्यांच्या अब्रूचीही कदर होत नसे. घराघरांत शिरून रोगी शोधत. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुरा-रिपन रोड भागातील मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला पाहण्यावरून दंगल उसळली आणि माणसे मेली. त्याआधी २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली होती, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतोच. तात्पर्य, लोक चिडले ते केवळ निर्बंधांमुळे नव्हे. माणूस म्हणून आपल्याला कोणी मोजीत नाही, या भावनेने ते चिडले.

आता कोणी विचारील, साथीच्या वेळी वाट अडवणे हेच मुळात आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध नाही काय? वाचकहो, याचे उत्तर इंग्रजांच्या कायद्यापेक्षा साडेबाराशे वर्षे जुने आहे. हिजरी सन १७-१८ च्या सुमारास शाममध्ये अमवासची ताऊन पसरली. खलिफा हजरत उमर (रजि.) तिकडेच निघाले होते. सरघ येथे त्यांना साथीची खबर मिळाली. त्यांनी मुहाजिरांशी, अन्सारांशी आणि कुरैशच्या वयोवृद्धांशी सल्लामसलत केली आणि मागे फिरण्याचे ठरविले. सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? हजरत उमर यांनी सांगितले की, आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. उंट चारायचा असेल तर खोऱ्याची हिरवी बाजू निवडा की उजाड, दोन्ही त्याचीच मर्जी. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण सांगितली, ती अशी की, जेथे साथ आहे तेथे जाऊ नये, आणि आपण असू तेथे साथ आली तर पळून बाहेर पडू नये. हजरत अबू उबैदा पुढे त्याच साथीत अल्लाहला प्यारे झाले.

यात खलिफा स्वतः थांबला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याने आधी विचारले, ऐकून घेतले, कारण सांगितले. १८९७ च्या फलाटावर हेच नेमके कमी पडले.

त्या काळात चांगलेही पुष्कळ घडले. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्याशा प्रयोगशाळेत प्लेगची लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच टोचून घेतली. लोक टोचून घ्यायला भीत होते, तेव्हा तरुण आगाखानांनी पुढे होऊन ती सर्वांदेखत टोचून घेतली आणि आपल्या खोजा जमातीतील हजारोंना तयार केले. मुंबईत निरनिराळ्या जाती-जमातींनी आपापली प्लेग इस्पितळे उघडली. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली उपचार होतात म्हटल्यावर भीती ओसरली. पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता स्वतः प्लेगने आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मदरशात किंवा शाळेत शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलीला हे नाव ठाऊक असले पाहिजे.

आता पुन्हा आपल्या काळाकडे येऊ. टाळेबंदीत शाळा बंद होती, म्हणून मी मोहल्ल्यातील लोकांचे ई-पासचे अर्ज भरून देत असे. एक गृहस्थ आले. गावी त्यांची आई अत्यवस्थ होती. त्यांचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण डॉक्टरचा दाखला जोडायचा राहिला होता. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि पडद्यावरची सूचना त्यांना वाचता आली नव्हती. दाखला जोडून दुसरा अर्ज केला, तो मंजूर झाला; पण ते गावी पोहोचले तेव्हा मय्यत होऊन गेली होती. आखातातून परतू पाहणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांचीही हीच तऱ्हा. ७ मे २०२० पासून विमाने सुटू लागली, पण आधी वकिलातीत नाव नोंदवायचे, गरज पटवून द्यायची आणि मग पाळी येण्याची वाट पाहायची. ज्याला नीट लिहिता आले, त्याची अडचण निदान कोणाच्या कानी गेली.

पालक बंधुभगिनींनो, म्हणून मला असे वाटते की, शिक्षण म्हणजे केवळ नोकरीचा परवाना नव्हे. वेशी बंद झाल्या असता नियम काय आहे ते वाचता येणे, तो योग्य की अयोग्य ते पारखता येणे, आणि अदबीने पण ठामपणे आपली गरज मांडता येणे, हेही शिक्षणच आहे. आणि आपली मुले उद्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, परवाना देणारे अधिकारी म्हणून बसतील, तेव्हा रांगेतल्या माणसाला कारण सांगण्याची माणुसकी त्यांच्या ठायी असावी, हेही शिक्षणच.

अब्बांचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. २०२१ चा हजही सौदीत राहणाऱ्यांपुरताच झाला. २०२२ मध्ये वाट उघडली, परंतु पासष्ट वर्षांखालील लोकांनाच. अब्बा तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. २०२३ मध्ये वयाची अट उठली. पण त्या वर्षीच्या जानेवारीतच त्यांचा इंतकाल झाला. सरघची हकीकत मी त्यांना वाचून दाखविली होती. ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “उमरसाहेब अर्ध्या वाटेवरून फिरले. मी तर अजून घरातच आहे. नियत केली होती, ती त्याला ठाऊक आहे.”

त्यांचा पासपोर्ट अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर एकही शिक्का नाही. पुढे कधी वेशी बंद झाल्याच, तर त्या बंद करणाऱ्यांनी आणि त्या उघडण्यासाठी अर्ज करणाऱ्यांनी एकमेकांना माणूस म्हणून ओळखावे, एवढीच दुआ.