महूची शाळा ते महूची पदवी : फौजी शिक्षणाचा हिशेब



महाड-पोलादपूरच्या वस्त्यांवर काम करताना बारावी सायन्सच्या मुलांचे पालक हमखास विचारतात : फौजेतून मिळणारी बी.टेक. पदवी परवडते का? प्रश्न रास्त आहे. पोटाला चिमटा काढून पोरं शिकवणाऱ्या समाजाने पै-पैचा हिशेब करायलाच हवा. पण तो नुसत्या पगारावर थांबला तर चुकेल. आपल्या मुलखाने हा हिशेब एकदा करून पाहिला आहे. त्यातला नफाही पाहिला आहे आणि तोटाही.

महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त झाले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांचे पित्त खवळले. ज्या काळात गावची शाळा आपल्याला उंबऱ्याबाहेर ठेवत होती, त्या काळात हे बळ कुठून आले? पलटणीतून. तिथे अक्षर मिळत होते आणि शिपायांच्या मुलाबाळांसाठीही शाळा होत्या. मंडणगडच्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतच मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब जन्मले.

रामजीबाबांचे पेन्शन महिना ५० रुपये. एवढ्यावर घर चालवून त्यांनी मुलाला मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. पुस्तकांसाठी लग्न झालेल्या लेकींचे दागिने उसने घेऊन गहाण टाकले. पेन्शन खर्चून संपले, पण त्यातून उभे राहिलेले शिक्षण संपले नाही.

आता तोटा बघा. १८९२च्या सुमारास इंग्रज सरकारने ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला, पुढे शिवराम जानबा कांबळेंनी तीच मागणी लावून धरली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. मार्च १९२७च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्यासाठी चळवळ करा, असे बजावले. चवदार तळ्याच्या पाण्याइतकाच तो भाकरीचा आणि शाळेचा प्रश्न होता. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावे लागले.

या पन्नास वर्षांत कोण तगले? ज्यांनी पगाराचे शिक्षण केले ते. ज्यांच्याकडे फक्त नोकरी होती त्यांच्या मुलांच्या हाती पुन्हा गावकी आली. दाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. म्हणून दार बंद झाल्यावरही आपल्याजवळ काय उरेल, हे हिशेबात आधी धरायचे.

या कसोटीवर आजची पदवी तपासू. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नौदल आणि हवाई दलाच्या छात्रांना बी.टेक.चा मार्ग आहे. भूदलाच्या १०+२ टेक्निकल एन्ट्रीतून गेलेली मुले पुणे, सिकंदराबाद आणि महू इथल्या लष्करी संस्थांत अभियांत्रिकी शिकतात. रामजीबाबांनी ज्या छावणीत नोकरी केली, त्याच महूत आज इंजिनिअर घडतात. पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असते, म्हणजे फौजेबाहेरही चालते.

खासगी कॉलेजात लाखांची फी आणि डोक्यावर कर्ज. इथे शिकवणी, राहणे, गणवेश यांचा मोठा भार सरकारवर. कमिशन मिळताच मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन आणि महागाई भत्ता. कायम कमिशनवर वीस वर्षे सेवा झाली की पेन्शन. अट एवढीच, की स्वतःच्या मर्जीने प्रशिक्षण अर्धवट सोडले तर खर्च भरून द्यावा लागतो. शेजारी २०२२पासूनची अग्निवीर योजना ठेवा : चार वर्षे नोकरी, जास्तीत जास्त पंचवीस टक्के जण कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी, पेन्शन नाही. रामजीबाबांच्या हाती उतारवयात जी दोन साधने होती, शिक्षण आणि पेन्शन, ती दोन्ही अधिकारी-पदवीत आहेत. अग्निवीराला पेन्शन नाही आणि अभियांत्रिकीची पदवीही नाही. तरी आपल्या वाड्यांमधली बहुतेक पोरं धावतात ती भरतीच्या मैदानावर. का?

कारण वरचे दार उघडे दिसते, पण तिथवर जाणारी वाट आपल्यासाठी बांधलेली नाही. प्रबोधिनीच्या प्रवेशात अनुसूचित जातींना आरक्षण नाही, सवलत फक्त परीक्षा शुल्काची. टेक्निकल एन्ट्रीला भौतिक, रसायन, गणितात ६० टक्के आणि जेईई मेन लागते. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरचा मुलगा बारावीनंतर जागा झाला, तर तोवर वेळ निघून गेलेली असते.

म्हणून तयारी पाचवीपासून हवी. सैनिक शाळांत सहावीच्या प्रवेशाला अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. ज्या साताऱ्यात बाल भीमराव शाळेत वेगळ्या तरटावर बसले, तिथेच. संभाजीनगरची राज्य सरकारची सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७पासून प्रबोधिनीसाठी मुले घडवते. २०२२पासून प्रबोधिनीत मुलीही आहेत, त्यामुळे हा हिशेब लेकीसाठीही तितकाच खरा.

आपल्या विहारांत यंदा पाचवीच्या किती मुलांना सैनिक शाळेचा फॉर्म भरून दिला? अकरावीच्या किती मुलामुलींना गणित शिकवणारा मिळाला? जयंतीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा डीजेऐवजी या कामाला लावला, तर दोन-तीन वर्षांत उत्तर दिसू लागेल. परवडते का, असे विचारणाऱ्या पालकाला माझे उत्तर एकच : पदवी परवडते. उशिरा सुरू केलेली तयारी परवडत नाही.

जय भीम!